पाच बहिणी आणि सातबारा

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'ज्यू लोक तोरा कशी वाचतात आणि आजच्या जगण्याशी ती कशी जोडतात', असा विषय मला दिला आहे. काल रात्री जेवताना तुमच्यातल्या एकाने विचारले, "सर, आपले कुरआन समजून झाले का, की आता तौरातकडे वळलात?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या एकाने विचारले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होते. गाझात माणसे मरत असताना आम्ही इथे बसून ज्यूंच्या ग्रंथावर का बोलायचे? त्यावरही बोलेन, टाळणार नाही. पण आधी अलिबागची गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी हा विषय तिथून सुरू झाला.

मी बँकेत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी अलिबागच्या शाखेत होतो. पेन्शनला येणाऱ्यांमध्ये एक निवृत्त शिक्षक होते, बेने इस्रायली. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेने इस्रायली म्हणजे कोकणात कित्येक पिढ्यांपासून राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवले 'शनवार तेली'. आडनावे तुमच्या-माझ्या शेजाऱ्यांसारखीच, गावाच्या नावापुढे 'कर'. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली झाले, त्याला ते लोक स्वतःच 'जुनी मशीद' म्हणत आले. तोरामधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेसुद्धा रचली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत आता थोडी घरे उरली आहेत.

गुरुजींशी माझी दोस्ती जमली ती एका शब्दावरून. मी एकदा म्हणालो, रमजानमध्ये तरावीहला आम्ही सगळे पारे ऐकतो. ते म्हणाले, "आमच्याकडे पाराशा असतात." मला वाटले शब्द एकच असणार. नाही. आपला 'पारा' फारसी, म्हणजे तुकडा. त्यांचा 'पाराशा' हिब्रू, वेगळ्या धातूपासून आलेला. पण काम जवळजवळ तेच. तोरा म्हणजे मूसा अलैहिस्सलाम यांच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. दर शनिवारी एक, काही आठवड्यांत दोन जोडून, असे वर्षभरात पूर्ण वाचायचे. शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. मध्ये एक दिवसाचीही सुट्टी नाही. जगात कुठेही असा, मुंबईत, न्यूयॉर्कमध्ये किंवा मोरोक्कोत, त्या आठवड्याचा भाग साधारणपणे तोच असतो. त्यामुळे दोन अनोळखी ज्यू भेटले तरी या आठवड्यात काय वाचले यावर बोलू शकतात.

आणि नुसते वाचत नाहीत. वाचल्यावर कोणीतरी उठून त्या भागावर चार शब्द बोलतो. रब्बीच बोलेल असे नाही. दुकानदार बोलेल, डॉक्टर बोलेल, तेरा वर्षांचा मुलगा बोलेल. त्या मुलाच्या वयात येण्याच्या समारंभाचाच तो एक भाग असतो. या आठवड्याच्या ओळी आणि या आठवड्यातले माझे आयुष्य, यांचा काय संबंध, हे त्याने सांगायचे. मी हाफिज मुलांना तेराव्या वर्षी अख्खे कुरआन पाठ म्हणताना ऐकले आहे आणि त्या मेहनतीपुढे मान झुकते. पण त्यातल्या एका आयतीबद्दल तुला काय वाटते, हे त्या मुलाला आपण कधी विचारले आहे का?

गुरुजींनी मला एका शनिवारी सिनेगॉगमध्ये बोलावले. तारीख माझ्या लक्षात आहे, २७ जुलै २०१९. तुम्हालाही आठवेल, त्याच दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती. कोकणात पाऊस कोसळत होता. चौथा शनिवार म्हणून बँक बंद होती. मी छत्री सांभाळत इस्रायल आळीत पोचलो.

तोरा जाहीरपणे वाचायची तर किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. दहा झाले की पेटीतून चर्मपत्राची गुंडाळी बाहेर काढतात. ती हाताने लिहिलेली असते, अक्षरांवर स्वरचिन्हे नसतात, वाचणाऱ्याने तयारी करून यावे लागते. अक्षरांना बोट लावायचे नाही म्हणून टोकाला छोटा हात असलेल्या चांदीच्या काडीने ओळ दाखवतात. हे सगळे मला बघायचे होते. पण त्या दिवशी पुण्या-मुंबईहून कोणी येऊ शकले नाही. अकरा माणसे जमली. सात पुरुष आणि चार बायका.

गुरुजी म्हणाले, "सात आहेत. तोरा निघणार नाही."

त्यांच्या पत्नी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हां चौघींना धरलं असतं तर अकरा झाले असते."

कोणी काही बोलले नाही. मग गुरुजींनी छापील पुस्तक काढले, आणि दारे लावून घेऊन, पावसाच्या आवाजात, त्या आठवड्याचा भाग माझ्यासाठी मराठीत सांगत वाचला. त्या भागाचे नाव 'पिनहास'.

आता हा पिनहास कोण ते ऐका, कारण मघाच्या न विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मूसांचे लोक वाळवंटात असताना एक इस्राएली पुरुष परक्या जमातीतल्या स्त्रीला घेऊन छावणीत येतो. पिनहास भाला उचलतो आणि दोघांना एका वारात ठार करतो. ना चौकशी, ना साक्षीपुरावा. आणि ग्रंथात पुढे लिहिले आहे की देवाने त्याच्याशी शांतीचा करार केला. म्हणजे धर्मवेड्या खुन्याला बक्षीस! वाचणाऱ्याने काय करायचे?

एक वाट आहे. भाला उचलायचा. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानच्या महिन्यात, हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घालणारा माणूस तोरा वाचणारा होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून करणारा तरुणही ज्यू धर्मशास्त्राचा आधार सांगत होता. आज पॅलेस्टिनींच्या जमिनी बळकावणारे वसाहतवालेही याच पुस्तकाचे दाखले देतात. हे मी लपवणार नाही, आणि गाझावर बोलताना आपण गप्प बसावे असेही म्हणणार नाही.

पण दुसरी वाटही त्याच लोकांत आहे आणि ती फार जुनी आहे. तोरा हाताने लिहिताना 'शांतीचा करार' या शब्दांतल्या 'शालोम' मधले एक अक्षर मुद्दाम तुटलेले लिहितात. एक उभी रेघ, मधोमध खंडित. शेकडो वर्षे प्रत्येक प्रतीत ती तशीच तुटकी. तिचा अर्थ अनेकांनी असा लावला की भाल्याने आणलेली शांती अखंड असू शकत नाही. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये तर असेही नोंदवले आहे की पिनहासचे कृत्य त्या काळच्या शहाण्यांना मान्य नव्हते. शिवाय वाचनाचे भाग पाडताना भाल्याचा प्रसंग एका आठवड्यात आणि बक्षीस पुढच्या आठवड्यात, असे तोडले आहे. मध्ये सात दिवस विचार करायला मिळतात. १९८८ पासून 'रब्बाइज फॉर ह्यूमन राइट्स' नावाची संघटना इस्रायलमध्ये काम करते. तिचे लोक ऑलिव्हच्या हंगामात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या सोबत उभे राहतात, म्हणजे वसाहतवाल्यांनी त्यांना हुसकावू नये. तेही दर वर्षी हाच पिनहास वाचतात. ग्रंथ एक, आठवडा एक. म्हणून ज्यू म्हणजे अमुक, असे एका वाक्यात जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा. मुसलमान म्हणजे अमुक, असे एका वाक्यात सांगणारे आपल्याला रोज भेटतातच.

तर गुरुजी वाचत होते. भाला झाला, मग शिरगणतीची लांबलचक यादी आली. कुठल्या कुळात किती पुरुष. वीस वर्षांवरचे, लढण्याजोगे. नव्या देशात जमीन वाटायची ती या यादीप्रमाणे. मला डुलकी यायला लागली होती, खरे सांगतो. आणि मग एकाएकी यादी थांबते आणि पाच बहिणी चालत येतात.

महला, नोआ, होगला, मिल्का आणि तिरसा. मनश्शेच्या कुळातल्या सलाफहादच्या मुली. त्या तंबूच्या दाराशी, मूसांसमोर, धर्मगुरू एलाजारसमोर, सरदारांसमोर आणि सगळ्या जमातीसमोर उभ्या राहतात. आमचे वडील वाळवंटात वारले, त्यांना मुलगा नव्हता. केवळ मुलगा नाही म्हणून त्यांचे नाव कुळातून का पुसले जावे? आम्हाला काकांच्या बरोबरीने जमीन द्या. एवढेच त्यांचे म्हणणे.

मूसांकडे याचे उत्तर नव्हते. मला ही जागा फार आवडते. एवढे मोठे पैगंबर, कुरआनमध्ये ज्यांचे नाव सर्वांत जास्त वेळा येते, ते 'असे चालत नाही, घरी जा' म्हणाले नाहीत. 'आपल्या रिवाजात बसत नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी तो सवाल अल्लाहसमोर ठेवला. आणि निर्णय आला की त्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे, त्यांना जमीन द्या, आणि पुढेही मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जाईल. म्हणजे पाच मुलींच्या प्रश्नातून कायदा झाला.

गुरुजींनी पुस्तकातले एक पान मला दाखवले. ज्यूंच्या छापील तोरामध्ये मधोमध मूळ मजकूर असतो आणि भोवताली बारीक अक्षरात वेगवेगळ्या शतकांतल्या भाष्यकारांचे म्हणणे. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेला राशी एका बाजूला, त्याच्याशी न पटणारा दुसरा कोणी दुसऱ्या बाजूला. मतभेद खोडत नाहीत, छापतात. आपल्याकडे हे नव्हते असे समजू नका. तबरीची तफसीर उघडा, एका आयतीवर चार-पाच मते ओळीने दिलेली सापडतील. शिवाय ही दोन घराणी एकमेकांशेजारीच वाढली. सादिया गाओन यांनी दहाव्या शतकात तोराचा अरबी तर्जुमा केला, त्याला लोक 'तफसीर' असेच म्हणतात. ज्यूंचा सगळ्यात मोठा कायदेपंडित मैमोनिदेस कैरोत राहून अरबीत लिहीत होता. भांडायची सवय दोघांचीही जुनी. फक्त आपण ती मदरशाच्या शेल्फवर ठेवली आणि जुम्म्याच्या खुतब्यात एकच मत उरले.

तर या पाच बहिणींबद्दल राशी म्हणतो की मूसांच्या नजरेला जे दिसले नाही ते या मुलींच्या नजरेला दिसले. त्याहून जुन्या एका भाष्यात कल्पना केली आहे की जमीन फक्त पुरुषांत वाटणार हे कळल्यावर या बहिणी एकत्र बसल्या. त्यांनी आपसांत विचार केला की माणसांची माया मुलीपेक्षा मुलावर जास्त असते, पण ज्याने सृष्टी घडवली त्याची माया सर्वांवर सारखी आहे. तालमूदमध्ये तर त्यांना विदुषी म्हटले आहे, कारण त्यांनी योग्य वेळी आणि कायद्याला धरून प्रश्न मांडला.

हे ऐकताना मला आपली गोष्ट आठवली. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उहुदच्या लढाईत साद बिन रबी शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. साद यांची विधवा दोन मुलींना घेऊन रसूलुल्लाहकडे आली. या मुलींचे वडील तुमच्यासोबत लढताना गेले, आणि काकाने काही ठेवले नाही. माल नसेल तर यांची लग्नेसुद्धा होणार नाहीत. हुजूर म्हणाले, अल्लाह याचा फैसला करेल. मग सूरह निसामधली वारशाची आयत उतरली, आणि त्यांनी त्या काकाला निरोप पाठवला की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझे. तिरमिजी आणि अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. दाराशी आलेली बाई, काका, जमीन, थांबलेला पैगंबर आणि वरून आलेले उत्तर. दोन्ही ठिकाणी सारखेच. तौरातमध्ये फेरफार झाले असे आपण मानतो, ती चर्चा आत्ता नको. पण ही गोष्ट ऐकायला कुठलाही अकीदा आडवा येत नाही.

मी मात्र त्या बाकावर बसून घामाघूम झालो होतो. बाहेर पाऊस, आत मला घाम. त्याचे कारण सांगतो.

माझे गाव सांगली जिल्ह्यात. अब्बांच्या नावावर साडेचार एकर जमीन होती, १८० गुंठे. अम्मी आधीच गेली होती. अब्बा १९९६ साली वारले. वारस तिघे, मी, धाकटा भाऊ आणि आमची आपा. शरीयतप्रमाणे हिशोब सोपा, दोन-दोन-एक. आपाचे ३६ गुंठे. १९९८ साली तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. कोणी घेतले? मीच. मी शिकलेला, बँकेत लागलेला, कागदपत्रातले मला कळत होते. आपाला मिरजेहून एसटीने मीच घेऊन आलो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयासमोरच्या टपरीवर तिला चहा पाजला. तिने विचारले, "कशावर सही करायची?" मी म्हणालो, "नेहमीचंच आहे गं." तिने सही केली. पुढे फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावे राहिली. तिला नवी साडी घेतली. सगळ्या गावात असेच होते, हिंदूंत आणि मुसलमानांत एकसारखे. या एका गोष्टीत फार एकोपा आहे. 'बहिणीने माहेर धरायचे की जमीन?' हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी बोलले असेल.

आणि त्याच वर्षांत मी 'शरीयत बचाव'च्या सभांना जात होतो. आमच्या पर्सनल लॉला हात लावू नका, म्हणून घोषणा देत होतो. शरीयतने आपाला दिलेले ३६ गुंठे माझ्या खिशात होते.

गुरुजींना मी हे त्याच दिवशी, चहा पिताना सांगितले. ते हसले नाहीत, उपदेशही केला नाही. म्हणाले, "साहेब, आमच्याकडे काय सगळं ठीक झालं असं समजू नका." मग त्यांनी जे सांगितले ते तुम्हीही ऐका, म्हणजे ज्यू किती पुढे आणि आपण किती मागे असा हिशोब मांडायचा मोह होणार नाही.

पहिली गोष्ट. पाच बहिणींना जमीन मिळाली ती भाऊ नव्हता म्हणून. भाऊ असला तर ज्यू धर्मशास्त्रात मुलीला वारसा नाही. कुरआनने भाऊ असतानाही हिस्सा दिला, हे तिथल्या मानाने मोठे पाऊल होते. मग मध्ययुगात युरोपातल्या रब्बींनी एक युक्ती काढली. बाप मुलीच्या नावे एक दस्त करायचा की मी तिचे एवढे मोठे कर्ज देणे आहे, माझ्या मागे मुलांनी तिला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला तर कर्ज माफ, नाही तर पूर्ण फेडा. भाऊ निमूटपणे निम्मा हिस्सा देत. निम्मा! ग्रंथाचे अक्षर तसेच ठेवून आत दार काढले. मला ही युक्ती आवडते आणि खटकतेही. आवडते कारण कोणाला तरी मुलीची काळजी होती. खटकते कारण हक्काला कर्जाचा बुरखा घालावा लागला.

दुसरी गोष्ट. तलाक. नवऱ्याने 'गेट' नावाचा कागद दिल्याशिवाय ज्यू बाई धर्माच्या दृष्टीने मोकळी होत नाही. नवरा अडून बसला तर ती 'अगुना', म्हणजे बांधून ठेवलेली. इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट आजही रब्बींच्या न्यायालयाच्या हातात आहेत, त्यामुळे बायका वर्षानुवर्षे अडकून पडतात. वारशाचा कायदा मात्र तिथे १९६५ पासून मुलगा-मुलगी समान असा आहे. भारतातल्या ज्यूंना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्यातही मुलीला मुलाएवढाच वाटा. गुरुजींच्या बहिणीला तसा मिळाला होता, आणि त्यावरून त्यांचे दोन वर्षे बोलणे बंद होते, हेही त्यांनीच सांगितले.

आणि तिसरी गोष्ट त्यांच्या पत्नीने सांगितली, चहाचे कप उचलता उचलता. "पाच बहिणींची गोष्ट वाचायची, आणि ती ऐकायला आलेल्या चौघींना मोजायचं नाही." आता जगातल्या पुष्कळ सिनेगॉगमध्ये स्त्रियांना मोजतात, त्या तोरा वाचतात, रब्बी होतात. जर्मनीत रेजिना योनास १९३५ साली रब्बी झाल्या, पुढे ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. पण अलिबागच्या त्या बाकावर त्या दिवशी अकराचे सातच राहिले.

गुरुजींनी मला आणखी एक आठवडा थांबायला सांगितले. "गोष्ट संपलेली नाही, पुढच्या शनिवारी पुरुष येतात."

खरेच येतात. पुढच्या शनिवारच्या वाचनाच्या अगदी शेवटी मनश्शेच्या कुळातले कर्ते पुरुष मूसांकडे तक्रार घेऊन येतात. या मुलींनी दुसऱ्या कुळात लग्ने केली तर आमची जमीन दुसऱ्या कुळात जाईल! त्यांचेही म्हणणे रास्त ठरते आणि नवी अट येते की या मुलींनी आपल्याच कुळात लग्न करावे. त्या चुलत भावांशी लग्ने करतात. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने बांधले. पण ज्यू वाचक तिथेही थांबले नाहीत. तालमूद म्हणते, ही अट फक्त त्या पिढीपुरती होती. ती उठली त्या दिवसाची आठवण म्हणून 'आव' महिन्याची पंधरावी तारीख आनंदाचा दिवस मानली गेली, त्या दिवशी मुली पांढरे कपडे घालून नाचायच्या असे जुने वर्णन आहे. जमीन मिळायलासुद्धा पाच बहिणींना पुन्हा एकदा, मूसा गेल्यानंतर, यहोशवासमोर जाऊन आठवण करून द्यावी लागली. निकाल लागला म्हणजे ताबा मिळाला असे नाही, हे त्यांनाही कळले होते. ज्याने तलाठी ऑफिसची पायरी चढली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

'जमीन बाहेर जाईल.' हे वाक्य मी कुठे ऐकले होते? आमच्या ओसरीवर. आणि फक्त ओसरीवर नाही. १९३७ चा शरीयत कायदा काढून वाचा. दुसऱ्याच कलमात, शरीयत कशाकशाला लागू आहे हे सांगताना, शेतजमीन वगळली आहे. सोन्याला शरीयत, घराला शरीयत, लग्न-तलाकला शरीयत, आणि जिथे खरी संपत्ती होती त्या जमिनीला अपवाद. पुढे दक्षिणेतल्या काही राज्यांनी तो अपवाद काढून टाकला. पर्सनल लॉ वाचवायला निघालेल्या किती सभांमध्ये या अपवादावर कोणी बोलल्याचे तुम्ही ऐकले? मी तरी एकाही सभेत ऐकले नाही, आणि मी पुष्कळ सभांना गेलो आहे.

त्यानंतरच्या बकरीदला मी मिरजेला आपाकडे गेलो. तिला पाच बहिणींची गोष्ट सांगितली. साद बिन रबींच्या मुलींचीही सांगितली. ती पोळ्या लाटत होती. मला वाटले होते तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "एकवीस वर्षांनी किताब वाचून आलास होय रे?" मग बराच वेळ बोलली नाही. उठताना म्हणाली, "त्या पाचजणींची नावं लिहिलीत ना किताबात? माझं नाव अब्बांच्या उताऱ्यावरून काढलंस तू. पैसे नकोत मला. नाव लाव."

मी तिला जमिनीची किंमत द्यायला गेलो होतो. खिशात चेकबुक होते. बँकेतला माणूस, दुसरे काय सुचणार. त्या मुलींनीही तंबूच्या दाराशी नावापासूनच सुरुवात केली होती, हे मी ऐकले होते पण माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

नाव लावणे वाटते तितके सोपे नाही. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र आता मागे घेता येत नाही. माझ्या हिश्श्यातून मी बक्षीसपत्र करू शकतो, पण तो झाला अर्धा भाग, १८ गुंठे. उरलेले अठरा धाकट्याकडे आहेत. वकील म्हणाले, तुकडेबंदीचा कायदा बघावा लागेल, अविभक्त हिस्सा म्हणून करून घेऊ. धाकटा तयार नाही. तो म्हणतो, आपाची मुले पुण्यात, उद्या विकतील, जमीन बाहेर जाईल. गेल्या ईदला तो आमच्याकडे आला नाही. माझ्या अठरा गुंठ्यांचा दस्त झाला आहे, फेरफाराची नोटीस निघाली आहे, तिच्यावर धाकट्याने हरकत घेतली आहे. मंडल अधिकाऱ्यासमोर सुनावणी लागेल तेव्हा आपा स्वतः येणार आहे. मी म्हणालो, मी बघतो. ती म्हणाली, "मागच्या वेळीही तूच बघितलं होतंस."

चहा आला आहे बहुतेक. मघाच्या मित्राला गाझावर अजून विचारायचे असेल तर त्याने आधी विचारावे. आणि मुलींनी पुढच्या बाकावर यावे, मागून आवाज पोचत नाही.